बापूंचा हात

मार्थाआजीनं या वेळी दोन्ही हात वर केले. एक पुरेसा होता, पण समोर उभी असलेली गोरी मुलगी रडायच्या बेतात आली होती आणि आजीला ते बघवलं नसावं.

"कुणीही लाजू नका," रिबेका इंग्रजीत म्हणाली. "ज्यांना आज, आत्ता, प्रभूला आपल्या आयुष्यात बोलवायचं आहे, त्यांनी फक्त हात वर करा."

मी ते मराठीत सांगितलं. सांगायची तशी गरज नव्हती. सोनटाकळीच्या मंडळीला हे वाक्य कुठल्याही भाषेत कळत होतं. माझं बोलणं संपायच्या आत चर्चमधले सगळे हात वर गेले होते. बायकांचे, बाप्यांचे, कडेवरच्या पोरांचे सुद्धा, कारण आयांनी ते धरून वर केले होते. चर्चचे धर्मगुरू, पाळक लोंढे, पेटी वाजवत होते. त्यांचा एक हात भात्यावर होता म्हणून त्यांनी सुरांवरचा काढून वर केला, आणि गाणं मध्येच बंद पडलं.

रिबेकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "एवढे सगळे," ती मला कुजबुजत म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

आता तिला कसं सांगणार होते? सोनटाकळीच्या ख्रिस्ती वस्तीत माझ्या पणजोबांच्या वेळेपासून बाप्तिस्मे होत आले आहेत. त्या सभेत बसलेल्या प्रत्येकाचं नाव पाळण्यात असतानाच मंडळीत लागलेलं होतं. पण दरवर्षी थंडीत कुठून ना कुठून पाहुणे येत. कधी कोरियाचे, कधी केरळचे, कधी नागालँडचे, आणि त्या वर्षी अमेरिकेतल्या एका कॉलेजचे विद्यार्थी. ते घसा कोरडा करून हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगत आणि शेवटी एकच गोष्ट मागत. हात वर करा. एवढ्या लांबून आलेला पाहुणा एवढंच मागतो, तर त्याला नाही म्हणायचं? आमच्याकडे पाहुण्यानं दुसऱ्यांदा भाकरी नको म्हटली तरी बायका तोंड पाडून बसतात. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायची पद्धतच नव्हती. मार्थाआजीचं तारण तर इतक्या वेळा झालं होतं की तिला स्वर्गात वेगळं दार मिळेल, असं बापू म्हणायचे.

बापू म्हणजे माझे सख्खे चुलते, शमुवेल त्रिभुवन. मिशनच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. उंचीनं जेमतेम, अंगानं काटक, पांढरं धोतर, काळी टोपी. ते पहिल्या बाकावर, अगदी उपदेशकाच्या नाकासमोर बसायचे आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायचे. गावात तो एकच माणूस होता ज्यानं पाहुण्यांसाठी कधी हात वर केला नव्हता. त्या संध्याकाळीही केला नाही. सगळ्या चर्चमध्ये उंच झालेल्या हातांच्या मधोमध बापू शांत बसून रिबेकाकडे मायेनं बघत होते.

सभा संपल्यावर रिबेकानं मला विचारलं, "पुढच्या बाकावरचे ते आजोबा कोण?"

"माझे काका."

"त्यांचं मन फार कठीण आहे का?"

"तसं नाही," मी म्हटलं. "हट्टी आहेत."

"आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करू," ती म्हणाली, आणि तिनं खरंच जाऊन बाकीच्यांना सांगितलं. त्यांच्यातला एक जण त्यावर थोडा चपापला. कारण तो बापूंच्याच घरी उतरला होता.

त्याचं नाव केलेब. शास्त्रात, म्हणजे बायबलात, हेच नाव मराठीत कालेब आहे, म्हणून गावानं त्याला पहिल्या दिवसापासून कालेब करून टाकलं. एकवीस-बावीस वर्षांचा, ताडमाड उंच, पिवळट केसांचा. मुली आमच्या घरी राहिल्या होत्या आणि मुलगे पाळकांच्या घरी. कालेबला मात्र पाळकांच्या खाटेवर पाय मावेनात, म्हणून त्याला बापूंकडे पाठवलं. काकू वारल्यापासून बापू एकटेच होते आणि त्यांच्याकडे मिशनच्या जुन्या साहेबांची लांबलचक लोखंडी खाट होती. अडचण एकच होती. बापूंच्या दाराची चौकट त्यांच्याच मापाची होती. कालेब आत येताना कपाळ आपटायचा आणि बाहेर जाताना पुन्हा आपटायचा. बापू दरवेळी "सांभाळ" म्हणायचे, पण आपटून झाल्यावर.

"आधी सांगा ना, बापू," मी एकदा म्हटलं.

"आधी सांगितलं तर त्याला मराठी कुठं कळतं," बापू म्हणाले. "आता 'सांभाळ' म्हणजे काय ते पक्कं ध्यानात राहील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यातला दुसरा एक मुलगा बोलला. मेंढरू पुन्हा हरवलं, पुन्हा सापडलं, आणि पुन्हा सगळे हात वर. बापूंचे मांडीवर. रिबेका आनंदात होती, पण कालेबच्या कपाळाला आठी पडली होती. ती चौकटीची नव्हती.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळा सकाळची, म्हणून मी दुपारी मोकळी होते. मी तेव्हा तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची आणि गावात पाहुणे आले की दुभाषी म्हणून माझी वर्णी लागायची. रविवारच्या उपासनेत कालेब बोलणार होता. त्याचा उपदेश आधी समजून घ्यावा म्हणून मी चर्चमध्ये गेले, तर हा पालथा पडून पुढच्या बाकाचा पाय ठोकत होता. तो बाक माझ्या लहानपणापासून डुगडुगायचा. त्यावर बसून बापूंनी अनेक उपदेश हिंदकळत ऐकले होते.

"झालं," तो उठून म्हणाला. बाकावर बसला, इकडे तिकडे हलून बघितलं. बाक गप्प राहिला. त्याच्या चेहऱ्यावर त्या तीन दिवसांत मी बघितलेला तो पहिला खरा आनंद होता.

मग त्यानं विचारलं, "सुकृता, ती म्हातारी बाई, हिरव्या लुगड्यातली. तिनं पहिल्या दिवशी दोन्ही हात वर केले होते."

"मार्थाआजी."

"काल पुन्हा केला."

मी बाकावरची धूळ झटकायला लागले.

"पाळकांनीसुद्धा केला. दोन्ही दिवस." तो माझ्याकडे बघत राहिला. "आम्ही यायच्या आधी कोरियाचे लोक आले होते, तेव्हा?"

"तेव्हाही," मी म्हटलं.

आणि मग मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. भाकरीचं सांगितलं, पाहुण्याला रिकामं न पाठवण्याचं सांगितलं. मला वाटलं तो रागावेल. तो हसायला लागला. पोट धरून हसला, बाकावर आडवा झाला, डोळे पुसले. मला वाटलं, चला, सुटलो. मग तो एकदम उठून बसला आणि त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे इथं खरा हात एकच आहे," तो म्हणाला. "आणि तो वर येत नाही."

मग त्यानं त्याची गोष्ट सांगितली. त्याचे वडील मोठ्या चर्चचे पाळक. आजोबा पाळक. आता हा इथून परत गेला की पाळकपणाच्या शिक्षणाला जाणार, हे तो जन्मायच्या आधीच ठरलं होतं. पण त्याला आतून काहीच ऐकू येत नव्हतं. बाकीची मुलं सांगत की देवानं आपल्याला बोलावलं आहे. याला कुणी हाक मारली नव्हती. ही गोष्ट त्यानं घरी कुणालाच सांगितली नव्हती.

"मी देवाकडे खूण मागितली आहे," तो म्हणाला. "उद्या मी बोलेन. तुझ्या काकांचा हात वर आला तर मी शिकायला जाईन. नाही आला तर घरी जाऊन वडिलांना सांगेन की मी नाही येत."

"मग काय करशील?"

त्यानं बाकाच्या पायावर हात ठेवला. "हे करेन. लाकडाचं काम. पण वडील पुन्हा माझ्याशी बोलतील असं वाटत नाही."

मला त्याची फार दया आली. देवानंही काय माणूस निवडून दिला होता याला खुणेसाठी.

मी तिथून सरळ बापूंकडे गेले. ते ओसरीवर शेळीला पाला घालत होते. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "बापू, एकदाच. उद्याच्या दिवस. पोराच्या जन्माचा प्रश्न आहे."

"हात वर करू म्हणतेस?"

"काय बिघडलं? सगळे करतात."

"सगळे करतात म्हणून तर." त्यांनी शेळीच्या तोंडातून पाल्याची काडी काढली. "सुकू, माझं तारण झालंय. तुझ्या आजोबांनी मला बाप्तिस्म्याला पाण्यात उभं केलं तेव्हा मी हो म्हटलं, ते म्हटलं. तुझ्या काकूला हार घातला तोही एकदाच. आता दर पाहुण्यासमोर पुन्हा मुंडावळ्या बांधू का?"

"तो पाहुणा नाही आता. तुमच्या घरात राहतोय."

"म्हणूनच. पाहुणा असता तर एखादवेळी खोटं खपलं असतं." बापूंनी शेळीपुढे आणखी पाला टाकला. "तो खूण मागतोय ना? मग खोटी खूण कशी देऊ? उद्या तो त्याच्यावर आयुष्य रचील. आणि सगळेच मान डोलवायला लागले तर त्या पोरांना कळणार तरी कसं, आपण काय बोलतोय ते? एकानं तरी तिथं खरं बसायला हवं."

"मग तो पाळक नाही झाला तर?"

"सुतारकी करील. त्याला म्हणावं, सुतारकीला कमी लेखू नको. आपल्या प्रभूनं तिशीपर्यंत तेच केलं."

त्यांच्यापुढे मी कधीच जिंकले नव्हते. घरी येऊन मी हे सगळं फक्त आईला सांगितलं. आईनं फक्त मार्थाआजीला सांगितलं. त्यापुढे कुणी कुणाला सांगायची गरज पडली नाही, तेवढं काम आजीनं एकटीनं केलं.

संध्याकाळपर्यंत बापूंच्या ओसरीवर रीघ लागली. बायका आल्या, बाप्ये आले. कालेब तेव्हा बाकीच्या मुलांबरोबर मळ्यात हुरडा खायला गेला होता, हे नशीब.

"बापू, लेकराचं वाटोळं करू नगा," मार्थाआजी म्हणाली. "वाईच हात उचलायचा. त्याला काय पैसं पडत्यात?"

"तुम्ही उचला की, आजी. तुम्ही तर दोन दोन उचलता."

"माझा धरीत न्हाई म्हनं तो. तुमचाच पाह्यजे म्हनं." आजीला याचा खरोखर राग आला होता. "एवढ्या येळा मी उचलला, अन् नाव तुमचं."

पाळक लोंढे शेवटी आले. भला माणूस, पण बापूंसमोर त्यांची जीभ अडखळायची, कारण बापूंनीच त्यांना बाराखडी शिकवली होती. "मास्तर, मंडळीच्या वतीनं विनंती आहे," ते म्हणाले.

"पाळकसाहेब," बापू म्हणाले, "तुम्ही दोन दिवस हात वर करताय. तुमचं तारण झालेलं नाही, हे मंडळीला आधी का नाही सांगितलं?"

पाळक चहा न पिता गेले. हे आमच्या गावात फार क्वचित होतं.

रविवारी चर्च गच्च भरलं. जे एरवी नाताळलाच दिसतात ते सुद्धा आले होते. कुणाला उपदेश ऐकायचा नव्हता. बापू पहिल्या बाकावर येऊन बसले, जरा हलून बघितलं, बाक हलला नाही, तसे ते मागे टेकले. दोन्ही हात मांडीवर.

कालेब उभा राहिला. त्याच्या शेजारी मी. त्याच्या खांद्यापर्यंतही मी पोचत नव्हते. त्यानं शर्टाची कॉलर ठीक केली आणि बोलायला सुरुवात केली. वाईट बोलला. खोटं कशाला सांगू, त्या तिघांत सगळ्यात वाईट तोच बोलला. एक वाक्य बोलायचा आणि पुढचं विसरायचा. मेंढरू हरवलं ते काही केल्या सापडेना. मी मराठीत थोडी भर घालून ते पुढे ढकलत होते. पण मंडळीचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. सगळ्या चर्चचे डोळे बापूंच्या मांडीवर होते. मागच्या बाकांवरचे लोक माना उंच करून बघत होते. मार्थाआजी तर बापूंच्या शेजारी येऊन बसली होती आणि मधून मधून त्यांना कोपरानं ढोसत होती.

कालेब बोलता बोलता थांबला. त्यानं मंडळीकडे बघितलं, त्यांची नजर जाते तिकडे बघितलं, आणि मग खाली वाकून हळूच मला विचारलं, "यांना माहीत आहे?"

"हो," मी म्हटलं.

"सगळ्यांना?"

"शेळी सोडून सगळ्यांना."

त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं तो आता बाहेर निघून जाईल. त्यानं हातातले कागद घडी करून खिशात ठेवले. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. मी ते वाक्य वाक्य मराठीत सांगत गेले, काही भर न घालता.

"मी इथं तुम्हाला काही द्यायला आलो, असं मला सांगितलं होतं. माझ्याकडे द्यायला काही नाही. मी देवाला खूण मागितली आणि ती खूण म्हणून एका म्हाताऱ्या माणसाचा हात मागितला. ज्यांच्या घरी मी जेवलो, त्यांचा. याची मला लाज वाटते. म्हणून आज मी कुणालाच हात वर करायला सांगणार नाही."

चर्चमध्ये चुळबुळ झाली. हात वर करायचं सांगणार नाही म्हणजे काय? तेवढ्यासाठीच तर सगळे आले होते. मार्थाआजीचा हात सवयीनं अर्धा वर गेला होता, तो तिनं खाली घेतला.

"मला माहीत नाही देवाला मी हवा आहे की नाही," कालेब म्हणाला. "मला ऐकू येत नाही. पण मला ऐकायचं आहे. तेव्हा इथं हात वर करायचा असेल तर तो मीच करायला हवा."

आणि त्यानं वर्गातल्या पोरासारखा हात वर केला.

शेवटचं वाक्य मी कसंबसं सांगितलं. पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. एरवी हात वर झाले की उपदेशक खाली येऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो. इथं उपदेशकच हात वर करून उभा होता. रिबेका पाळकांकडे बघत होती, पाळक पेटीकडे बघत होते.

बापू उठले.

काठी बाकाला टेकवून ठेवली आणि ते सावकाश पुढे आले. कालेबसमोर उभे राहिले. त्याच्या छातीपाशी त्यांची टोपी येत होती.

"खाली वाक म्हणावं त्याला," बापू मला म्हणाले.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. कालेबला काही कळेना, तो हात वर करून तसाच ताठ उभा. बापूंनी क्षणभर माझी वाट बघितली, मग टाचा उचलल्या, चवड्यांवर उभे राहिले, आणि उजवा हात वर, अगदी वर नेऊन त्या पोराच्या डोक्यावर ठेवला. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत खाली घसरली. तो हात सगळ्या चर्चला दिसला.

"प्रभू," बापू म्हणाले, "हे लेकरू तुझं आहे. ह्याला पाळक कर नाहीतर सुतार कर. पण आज जसं खरं बोललं तसं बोलत ठेव. आमेन."

मग मागे वळून मार्थाआजी सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "उचलला बरं का. बापूनं उचलला."

कालेब रडत होता. मीही रडत होते, त्यामुळे त्या प्रार्थनेचं भाषांतर राहिलं ते राहिलंच. बायका एकेक करून पुढे आल्या. त्याच्या डोक्यापर्यंत त्यांचे हात पोचत नव्हते, तेव्हा मार्थाआजीनं त्याला सदऱ्याला धरून खाली ओढलं, त्याच्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकड मोडली. पाळकांनी पेटी धरली.

दुपारी जीप आली. सामान चढवून झाल्यावर कालेब माझ्याकडे आला. "त्यांनी काय प्रार्थना केली?" मी सांगितली. त्यानं ओसरीकडे बघितलं. मग म्हणाला, "सुकृता, त्यांना एक विचार. तो हात वर आला असं धरायचं का?"

बापू ओसरीवरच होते. मी विचारलं.

"मी हात वर केला नाही," बापू म्हणाले. "हात ठेवला. डोकं एवढ्या उंचीवर होतं त्याला मी काय करू?"

"पण तो काय धरू म्हणतोय?"

"त्याला म्हणावं, तुझं तू ठरव. खूण मी देत नसतो."

मी तसंच सांगितलं. कालेब हसला, बापूंचे दोन्ही हात हातात घेतले, आपली विसरलेली टोपी घ्यायला आत गेला आणि येताना कपाळ आपटलं.

"सांभाळ," बापू म्हणाले.

त्यानंतर गावात बरीच वर्षं दोन तट होते. हात वर केला म्हणणारे आणि ठेवला म्हणणारे. मार्थाआजी पहिल्या तटाची पुढारी होती आणि मरेपर्यंत मागे हटली नाही. दुसऱ्या तटात बापू एकटे. ते गेले तेव्हा पाळक लोंढ्यांनी अंत्यविधीत या गोष्टीचा उल्लेख केला आणि "हात वर केला" असंच म्हणाले. बापू शवपेटीत होते म्हणून निभावलं.

गेल्या थंडीत कालेब परत आला. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं. तिकडे बर्फाच्या मुलखात एका लहानशा गावाचा तो पाळक आहे. चर्च एवढं लहान की पगारावर भागत नाही, म्हणून आठवडाभर लाकडाची कपाटं करतो. म्हणजे बापूंच्या प्रार्थनेतलं पहिलंही झालं आणि दुसरंही. वडील त्याच्याशी बोलतात का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. लगेच शिकायला गेलो नाही म्हणून पहिली तीन वर्षं बोलले नाहीत, म्हणाला. मग एक दिवस स्वयंपाकघराचं कपाट करून मागायला आले.

त्याच्याबरोबर कॉलेजची मुलं होती. मी आता बापूंच्याच घरात राहते. घर बांधून काढलंय, दार चांगलं उंच केलंय. कालेब उंबऱ्यापाशी थांबला, चौकटीकडे बघितलं आणि तरीही वाकून आत आला. "सांभाळ," तो स्वतःशीच मराठीत म्हणाला. मला हसूही आलं आणि बापूंची इतकी आठवण झाली की चहा ठेवायच्या निमित्तानं मी आत निघून गेले.

संध्याकाळी सभेत एक मुलगी बोलायला उभी राहिली. लहानखुरी, चष्मा लावलेली. दुभाषी म्हणून आता आमच्या शाळेतली नवीन शिक्षिका असते. मेंढरू हरवलं, सापडलं. मग त्या मुलीनं शेवटचं वाक्य म्हटलं आणि ते मराठीत यायच्या आत सगळे हात वर गेले. मार्थाआजीच्या नातीनं दोन्ही केले.

मी पहिल्या बाकावर होते. तो बाक अजून हलत नाही. मुलीची नजर सगळ्या हातांवरून फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. चष्म्याआडचे डोळे मोठे झाले. असे डोळे मी आधी बघितले होते, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. खरं सांगते, हात वर करावा असं फार वाटलं. केवढीशी पोर, किती लांबून आलेली, आणि आमच्याच घरी उतरलेली. मागच्या बाकावरून कालेब माझ्या पाठीकडे बघत असणार हे मला वळून न बघता कळत होतं.

मी दोन्ही हात मांडीवर नीट ठेवले आणि तिच्याकडे बघून हसले.